बोरमाळ पॅटर्न

शाळेत ग्रंथपालाची गत घरातल्या बिनलग्नाच्या आत्यासारखी असते. तिचं स्वतःचं काम काय ते कुणाला धड सांगता येत नाही, म्हणून कुणीही उठून आपलं काम तिच्या गळ्यात घालतो. बोरमाळच्या माध्यमिक शाळेत हेलन उजागरे गेली वीस-बावीस वर्षं ही आत्या होत्या. सहावीचे सर रजेवर गेले, बोलवा हेलनबाईंना. खिचडीचा तांदूळ मोजून घ्यायचाय, हेलनबाई कुठं आहेत? झेंडावंदनाच्या पाहुण्यांना नारळ द्यायचाय, तर त्यालाही हेलनबाईच. पुस्तकांचं मात्र त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही. पुस्तकं कपाटात होती, कपाटांना कुलपं होती, आणि आधीच्या ग्रंथपालांनी किल्ल्या इतक्या जपल्या होत्या की पुस्तकांपेक्षा किल्ल्याच जास्त हाताळल्या गेल्या होत्या. हेलनबाईंनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते कुलपं काढायचं. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला.

बोरमाळ हे पाथर्डीच्या पलीकडचं, पाऊस वाट चुकला तरच येणारं गाव. दसरा झाला की ते रिकामं व्हायला लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतात. पत्र्याची पेटी, हंडे, दोन कोंबड्या, शेळी, आणि सगळ्याच्या वर पोरं. कुणी राहुरीकडच्या कारखान्याला जातं, कुणी पार कोल्हापूरकडं. पाडव्याच्या आगंमागं माणसं परत येतात, तोवर गावात म्हातारी माणसं आणि कुत्री.

आईबाप ऊसतोडीला गेलेल्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. नाव मोठं, लक्षण साधं. दोन वेळचं जेवण आणि निजायला जागा. मुलगे पाचवीच्या वर्गात, मुली ग्रंथालयात. टेबलं भिंतीला सरकवायची, सतरंज्या अंथरायच्या, झालं वसतिगृह. पण या एवढ्याशा सोयीवर कितीतरी पोरींची शाळा टिकून होती. रतनबाई भाकरी थापायच्या, आणि मुलींवर लक्ष ठेवायचं काम अर्थातच आत्याकडं. हेलनबाईंचे यजमान जोसेफ नगरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. शनिवारी बाई नगरला जायच्या, एरवी शाळेमागच्या भाड्याच्या खोलीत राहायच्या. पोरींची संध्याकाळची जेवणं झाली की त्या पुस्तक घेऊन सतरंजीवर बसायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. चर्चमध्ये लहानपणापासून शास्त्रपाठ वाचलेला, त्यामुळं आवाज खणखणीत. दिवसभराच्या हमालीत ती एक घटका त्यांची स्वतःची होती.

त्या सतरंजीवर पंकजा भेटली. पाचवीत होती तेव्हा. श्रीमंत आणि चांगुणा बडे या जोडप्याची थोरली. बाकीच्या पोरी गोष्ट ऐकता ऐकता पेंगायच्या, ही मात्र वाद घालायची. राजा शिकारीला गेला की विचारायची, "ह्या राजाला काही कामधंदा न्हाई का, बाई?" राजकन्या महालात रडत बसली की म्हणायची, "रडती कशाला? दार हाय ना तिथंच." बाईंचे डोळे दमले की पुस्तक ओढून घेऊन स्वतः वाचायची, आणि राजापासून राक्षसापर्यंत सगळ्यांना बोरमाळची भाषा बोलायला लावायची. हेलनबाई हसून हसून बेजार व्हायच्या. त्यांच्या हाताखालून पुष्कळ मुली गेल्या होत्या. त्यातल्या बहुतेक सातवी-आठवीत गळाल्या, काही पुढच्या वर्षी कडेवर मूल घेऊन बाजारात दिसल्या. ही एक पोरगी गळू द्यायची नाही, दहावीपर्यंत तरी न्यायचीच, असं बाईंनी मनाशी धरलं. स्वतःच्या लेकीसाठी त्यांनी एवढा जीव टाकला नसेल. लेक एंजल पुण्यात कंपनीत होती आणि तिला आईच्या जिवाची गरज फक्त रविवारी लागायची.

दोन-तीन वर्षांपूर्वी शाळेच्या संस्थेला ऑनलाईनचं वेड लागलं. प्रत्येक शाळेनं ऑनलाईन अध्यापनाचा एक उपक्रम करून दाखवायचा, असा आदेश आला. शिक्षकांनी तो आदेश गरम पातेल्यासारखा एकमेकांकडं सरकवला. शेवटी मुख्याध्यापक गर्जे सर म्हणाले, "हेलनबाई, तुम्हाला तसाही वर्ग नाही. तुम्हीच बघा."

बाईंना मोबाईलमध्ये तीन गोष्टी यायच्या. भक्तिगीतं ऐकणं, सुप्रभात पाठवणं आणि एंजलचा व्हिडिओ कॉल उचलणं. मग त्याच कॉलवर शिकवणी सुरू झाली.

"मम्मी, वर तीन टिंबं दिसतात का?"

"कसली टिंबं?"

"वर, कोपऱ्यात. एकाखाली एक."

"अगं, काच पुसून घेतली मी. काही नाही तिथं."

"मम्मी, डाग नाहीत ते! दाब त्याच्यावर!"

"फोन बिघडला म्हणजे?"

एंजल चिडायची, फोन ठेवायची, आणि दहा मिनिटांनी परत करायची. पहिली लिंक तयार झाली त्या दिवशी बाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि बटण दाबलं. लिंक गेली ती चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर. मंडळातल्या बायांना वाटलं, मोबाईलवरची प्रार्थनासभा आहे. डोक्यावर पदर घेऊन सगळ्या हजर झाल्या, सातवीचा भूगोलाचा धडा शेवटपर्यंत ऐकला, आणि शेवटी आमेन म्हणाल्या. जोसेफ कितीतरी दिवस ही गोष्ट ज्याला त्याला सांगत होते.

पण हेलनबाई जिद्दीच्या. हळूहळू त्यांना सगळं यायला लागलं. पुस्तकाची पानं पडद्यावर दाखवायची, आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, गोष्टीवर प्रश्न काढून त्यांचा फॉर्म करायचा. गर्जे सरांना फोनमध्ये काही अडलं की ते आता शिपायाला म्हणायचे, "बाईंना बोलव." आयुष्यात पहिल्यांदा बाईंना नारळ वाटण्याखेरीज दुसऱ्या कामासाठी बोलावणं यायला लागलं होतं, आणि त्यांना ते आवडत होतं. का आवडू नये?

या विद्येचं करायचं काय, तेही त्यांनीच शोधलं. वसतिगृह असूनही काही पोरं आईबापांबरोबर जायचीच. तान्ह्या भावाला सांभाळायला कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मुलगीच असते. अशा पोरांसाठी बाईंनी संध्याकाळी गूगल मीटवर वाचनाचा तास सुरू केला. संध्याकाळीच, कारण फोन घरात एकच आणि तो दिवसभर बापाच्या खिशात, उसाच्या फडात. पहिल्या दिवशी पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. मागं पाचटाच्या कोपीची, म्हणजे झोपडीची भिंत, पुढं धुरानं लाल झालेले डोळे, कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारी शेळी. "बाई, दिसताव का आमी?" हेलनबाईंना रडू आवरेना. त्यांनी साध्या गोष्टीनं सुरुवात केली आणि पलीकडं तीन जिल्ह्यांतली पोरं एकदम हसली.

इथवर सगळं चांगलं होतं. घोळ झाला तो हजेरीत.

पोर फार दिवस गैरहजर राहिलं की पटावरून त्याचं नाव कमी होतं, आणि कमी झालेलं नाव पुन्हा चढलेलं बोरमाळमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून बाईंनी आपल्यापुरता कायदा केला. ज्याचा आवाज आला तो हजर. पुढं कोप्यांवर रेंज मिळेना, तेव्हा त्यांनी सांगितलं, दिवसभरात कधीही ग्रुपवर नुसतं 'हजर बाई' म्हणून आवाज पाठवा, मी मांडून घेते. पोरं हुशार. भावानं बहिणीची हजेरी दिली, बहिणीनं चुलतभावाची दिली. बाईंना कळत नव्हतं असं नाही. प्रत्येक पोराचा आवाज त्यांना पाठ होता. पण पटावर नाव राहिलं तर पोर राहील, असा त्यांचा हिशेब. त्या सगळी हजेरी मांडायच्या आणि गर्जे सर समाधानानं सही करायचे.

त्या वर्षी पंकजा सातवीत होती आणि वसतिगृहातच होती. त्यामुळं या हजेरीचा तिच्याशी संबंध येईल, असं बाईंच्या स्वप्नातही आलं नाही.

दसऱ्यानंतर पालकांच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी बाईंनी मैदानात सगळ्यांना गोळा करून सांगितलंही होतं, "आता शाळा तुमच्याबरोबर येते. शाळा फोनात आहे. संध्याकाळी तेवढा फोन पोरांच्या हातात द्या." बाया कौतुकानं बघत होत्या. पुरुष माना डोलावत होते.

उन्हाळ्यात नगरला संस्थेचा वर्धापनदिन झाला. हेलनबाईंना स्टेजवर बोलावून 'तंत्रस्नेही ग्रंथपाल' म्हणून शाल आणि नारळ दिला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातात नारळ देणाऱ्या बाईंच्या हातात नारळ आला, तेव्हा त्यांना तो धरायचा कसा ते सुचेना. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की स्थलांतराचा प्रश्न सरकारला सुटला नाही तो आपल्या एका शाळेनं मोबाईलवर सोडवला, बोरमाळमध्ये एकही मूल शाळाबाह्य नाही, आणि याला आपण 'बोरमाळ पॅटर्न' म्हणू. टाळ्यांचा कडकडाट झाला. जोसेफनी कोट घातला होता. एंजलनं आईचा फोटो स्टेटसला ठेवला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. आपण कशाला टाळ्या वाजवतोय याचा विचार टाळ्या वाजवताना कोण करतं?

पुढच्या वर्षी दसरा आला तरी वसतिगृहाची मंजुरी आली नाही. रतनबाई रोज विचारायला यायच्या, परात कधी काढू म्हणून. शेवटी हेलनबाई गर्जे सरांकडं गेल्या.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, यंदा वसतिगृह नाही."

"का?"

"कुणासाठी मागायचं? गेल्या वर्षी बाहेर गेलेली सगळी मुलं ऑनलाईन हजर होती. आपणच तसं वर कळवलं. मुलं जिथं जातील तिथं शिकतात म्हटल्यावर त्यांना इथं ठेवून जेवू कशाला घालायचं, असं विचारतात वरून. मी काय उत्तर देऊ?"

"सर, तुम्हाला माहिती आहे ती हजेरी कशी होती."

"मला?" सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मला तुम्ही जे मांडलंत ते माहिती आहे. ते खोटं होतं असं तुम्ही लिहून द्या, मी आज वर पाठवतो. पण मग त्या मुलांची नावं जातील. तुमची चौकशी लागेल. माझी सही आहे, म्हणजे माझीही. निवृत्तीला किती वर्षं राहिलीत तुमची?"

गर्जे सर वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हेलनबाई परत ग्रंथालयात येऊन बसल्या. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला असता तर त्यांनी सोसलं असतं. धोंडा पडणार होता तो दुसऱ्याच कुणाच्या पायावर. त्यांनी कागद पुढं ओढला, दोन ओळी लिहिल्या, फाडल्या. मुलांची नावं जातील, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. ते खरंही होतं. पण चौकशीची भीती त्याहून खरी होती, आणि ते त्यांना माहीत होतं.

एक वाट राहिली होती. त्या बडेंच्या घरी गेल्या. श्रीमंत अंगणात कोयत्याला धार लावत होता. चांगुणा पेटी भरत होती. पंकजा आठवीत गेली होती. ती दाराशी उभी राहून बाईंकडं बघत होती, आणि बाई आल्या म्हणजे आपलं जाणं रद्द झालं असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"श्रीमंतराव, पोरीला नेऊ नका. हुशार आहे. दहावी होऊ द्या तिची."

"बाई, होस्टेल न्हाई म्हनत्यात यंदा. म्हातारी व्हती तीबी गेली. पोरगी ठिवू कुनाच्या जिवावर?" त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. "आन तुमीच म्हनला हुता की मैदानात, शाळा फोनात हाय. मंग संग आली तर काय बिघडलं? शाळाबी व्हईल, धाकट्यालाबी सांभाळील."

बाईंच्या तोंडावर कुणी शिवी हासडली असती तर परवडली असती. हा माणूस त्यांचंच वाक्य जपून ठेवून मोठ्या विश्वासानं परत देत होता.

"फोनवर नीट होत नाही हो. मी तिला माझ्या खोलीवर ठेवते. माझ्या लेकीसारखी."

श्रीमंतनं चांगुणाकडं पाहिलं. चांगुणानं पेटीकडं पाहिलं. मग तो नरमाईनं म्हणाला, "तुमी लई चांगल्या हाव, बाई. पन भावकी काय म्हनंल? पोरगी किरिस्तावाच्या घरात ठिवली, उद्या बाटवली म्हनतील. तिचं लगीन करायचंय आमाला."

वीस-बावीस वर्षं याच घरांतून हेलनबाईंना पुरणपोळी आली होती. नाताळात त्यांच्या करंज्या याच घरांत गेल्या होत्या. त्या तशाच उठून चालू लागल्या. पंकजा मागं मागं वेशीपर्यंत आली. "बाई, मी रोज येईन बघा फोनवर. नाव काढू नका."

"नाही काढणार," बाई म्हणाल्या.

सुरुवातीला ती खरंच रोज आली. राहुरीच्या पुढं एका फडावर होते ते. धाकट्याला मांडीवर घेऊन बसायची, वाचायची, वाद घालायची. मग म्हणायला लागली, "आज तुमीच वाचा, बाई. अंग लई दुखतंय." चांगुणाला ताप येत होता, म्हणून मोळ्या बांधायला पंकजा जात होती. मग चौकोनात तिचं तोंड दिसेनासं झालं, नुसतं नाव दिसायचं. मग नावही येईना. दिवसातून कधीतरी ग्रुपवर आवाज यायचा, "हजर बाई." आवाज घोगरा, घाईतला. सर्दी झाली असेल, असं बाई स्वतःला सांगायच्या. प्रत्येक पोराचा आवाज ज्यांना पाठ होता, त्या हेलनबाई. पण माणसाला जे ऐकायचं नसतं ते ऐकू न येण्याची सोय देवानं कानातच करून ठेवलेली आहे.

संक्रांतीनंतर एका शनिवारी त्यांनी नगरहून राहुरीची गाडी धरली. तिथून जीप, तिथून पायी. ओढ्याच्या कडेला कोप्यांची रांग होती. माणसं फडात गेलेली. चांगुणा एकटी चुलीपुढं होती, मूल पाठीशी बांधलेलं. बाईंना बघून ती उठली आणि पदरानं हात पुसत राहिली.

"पंकजा कुठं आहे?"

चांगुणानं पाणी दिलं. बसायला पोतं टाकलं. इकडचं तिकडचं विचारलं. बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा चुलीकडं बघत म्हणाली, "त्या तिकडल्या कोपीत असती आता. लगीन झालं तिचं."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम कोयता बघून माणसं घेतो, एकट्याला कुणी विचारत नाही. त्याच टोळीतला एक पोरगा आपल्या आईबरोबर तोडायचा. आई पडून पाय मोडून बसली आणि त्याचा कोयता अर्धा राहिला. पंकजा मोळ्या बांधताना सगळ्यांना दिसत होतीच. कारखाना बंद पडला होता त्या दोन दिवसांत लग्न उरकून टाकलं.

"अगं, चौदा वर्षांची पोर ती!" हेलनबाई ओरडल्या. इतक्या मोठ्यानं त्या शाळेतही कधी ओरडल्या नव्हत्या. "आणि हजर? ती रोज हजर म्हणते ती कोण?"

चांगुणानं मान खाली घातली. "मीच म्हनते, बाई. तिनंच सांगितलं, आई, तेवढं रोज म्हनत जा, न्हाईतर नाव जाईल." मग जराशानं, लाजत म्हणाली, "मी कवा शाळंत गेले न्हाई. म्हनताना मला बी बरं वाटायचं."

हेलनबाईंना तिचा भयंकर राग आला. आणि तो राग तिच्यावर टिकेना, घरंगळत आपल्याकडंच का येतोय, हे त्यांना कळत होतं. या बाईला ते बटण दाबायला शिकवलं कुणी? नुसता आवाज पुरे, हे सांगितलं कुणी? त्या पोरीचं लग्न लागलं त्या दिवशीसुद्धा त्यांनी तिची हजेरी मांडली होती.

जायच्या वेळी पंकजा दिसली. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा, अंगावर मोठ्या माणसाची साडी, गळ्यात काळी पोत. भारा टाकून ती धावत आली. ती बाईंना बिलगेल असं वाटलं, पण अलीकडंच थांबली. सासरच्या नव्या माणसांच्या कोप्या समोर होत्या.

"बाई, माझं नाव हाय ना अजून?"

"आहे."

"मंग पाडव्याला आले की बसू देताल ना मला?"

हेलनबाईंनी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की कसली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पंकजाला मात्र ती होकाराचीच वाटली.

सोमवारी त्या गर्जे सरांसमोर उभ्या राहिल्या. "सर, तक्रार करायची. बालविवाह आहे."

सरांनी हजेरीपट पुढं ओढला. "करा. मी अडवत नाही. पण पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, बाई. त्या तारखेला मुलगी शाळेत हजर आहे. तुमचं अक्षर आहे. मग लग्न झालं कधी? ते लोक आपलाच कागद काढून दाखवतील, पोरगी शिकतेय म्हणून."

जोसेफ फोनवर म्हणाले, "थोडीच वर्षं राहिलीत. शांत राहा." बाईंनी फोन हातात घेतला, तक्रारीचा नंबर काढला, आणि ठेवून दिला. एकदा नाही, पुष्कळदा. या गोष्टीत कुणी शूर निघालं असतं तर सांगायला मलाही बरं वाटलं असतं.

महिन्याभरात संस्थेचं पत्र आलं. 'बोरमाळ पॅटर्न' आता संस्थेच्या सगळ्या शाळांत राबवायचा होता. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, सगळीकडच्या. शिक्षकांना ऑनलाईन प्रशिक्षण, मार्गदर्शक हेलन उजागरे. म्हणजे आणखी कितीतरी शाळांतल्या सतरंज्या गुंडाळल्या जाणार होत्या आणि कितीतरी पोरी ट्रॉलीत चढणार होत्या. हेलनबाईंना तक्रारीचं धाडस झालं नव्हतं. पण सगळ्या संस्थेसमोर, अध्यक्षांसमोर, एकदा तोंड उघडायचं त्यांनी ठरवलं. नोकरी गेली तर जाऊ दे. शिक्षा झाली तर बरंच, असंही वाटत होतं.

रविवारी सकाळी त्यांनी मीट सुरू केलं. पडद्यावर नावांची रांग लागली. चॅटमध्ये 'उपस्थित', 'उपस्थित', 'सुप्रभात मॅडम', हात जोडलेली चित्रं. अध्यक्षांचं नाव होतं, गर्जे सरांचं होतं. तोंड एकाचंही दिसत नव्हतं. बाईंनी तयार केलेलं सादरीकरण उघडलंच नाही.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "आज मी तुम्हाला काही शिकवणार नाही. बोरमाळ पॅटर्न खोटा आहे. ती हजेरी मी खोटी मांडली होती." मग त्यांनी सगळं सांगितलं. कोपीची भिंत, आवाजाचा कायदा, वसतिगृह कसं गेलं, श्रीमंतनं त्यांचंच वाक्य कसं त्यांना परत दिलं, चांगुणाचं 'हजर बाई', काळी पोत. पंकजाचं नाव घेतानाही त्या थांबल्या नाहीत. "तुमच्या शाळेत वसतिगृह असेल तर ते सोडू नका. फोनात शाळा नसते. मी चूक केली आणि मग भिऊन गप्प बसले. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

मध्येच कुणाचा तरी आवाज सुरू राहिलेला होता. "मेथी कशी दिली? दहाला दोन जुड्या दे की." मग तोही बंद झाला.

"कुणाला काही विचारायचंय?" हेलनबाईंनी विचारलं. आता कुणीतरी ओरडेल, अध्यक्ष बोलतील, म्हणून त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली.

मग चॅट हलला. 'खूप छान मार्गदर्शन मॅडम.' 'अतिशय उपयुक्त माहिती.' 'स्तुत्य उपक्रम, अभिनंदन.' हात जोडलेली चित्रं, गुलाबाची फुलं, एकाखाली एक. आणि खाली एकाचा प्रश्न, 'मॅडम, प्रमाणपत्राची लिंक कधी येणार?' त्याच्याखाली आणखी चौघांचा तोच.

हेलनबाई पडद्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी लिंक टाकली. चौकोन भराभर निघून गेले.

थोड्या वेळानं गर्जे सरांचा फोन आला. "बाई, फार छान झालं म्हणताहेत सगळे. पुढच्या रविवारी दुसऱ्या गटाचं घ्या."

"सर," हेलनबाई म्हणाल्या, "मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत का?"

"म्हणजे काय? मी सुरुवातीपासून हजर होतो की."